पुढे गेलेली बॅग

आमच्याकडे प्रवास एक्सेलमध्ये सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. कोकण दोनदा तिथे संपलं, हंपी एकदा. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी मनीष हातात प्रिंटआउट घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा मी कढईवरून नजरही उचलली नाही.

"जोरहाट," ते म्हणाले. "गाडीने."

मग मात्र मी गॅस बंद केला.

जोरहाट आसामात. आम्ही राहतो मुळशीत, कासार आंबोलीला. मधलं अंतर एकतीसशे किलोमीटर. जोरहाटजवळच्या एका गावात आमची अपूर्वा राहते, विणकर बायकांच्या संस्थेत काम करते. अडीच वर्षांपूर्वी तिने हिंजवडीतली चांगली नोकरी सोडली आणि तिकडे जायचं ठरवलं, तेव्हा मनीषांचं डोकं फिरलं होतं. "जायचं तर जा," ते म्हणाले होते. "मी सोडायला येणार नाही आणि न्यायलाही येणार नाही." आणि खरंच नाही आले. मी आणि साहिल, तिचा भाऊ, तिला स्टेशनवर पोचवायला कॅबने गेलो, कारण आमची गाडी अंगणात होती आणि आमचे मनीषराव ती धूत होते. आदल्या दिवशीच धुतलेली गाडी.

तेव्हापासून अपूर्वा घरी आलेली नाही. ना गणपतीला, ना दिवाळीला. रजा मिळत नाही म्हणते. मिळत असेलही. पण न्यायला येणार नाही म्हणणाऱ्याच्या घरी आपल्या पायांनी कसं यायचं, हा तिचा खरा प्रश्न आहे, आणि हट्टात ती थेट बापावर गेली आहे. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो. मी बोलते. मनीष नेमके तेव्हाच कढीपत्त्याला पाणी घालायला बाहेर जातात आणि खिडकीखाली उभे राहतात. इतकं पाणी घालतात की त्या झाडाची मला दया येते. शेवटी ती विचारते, "बाबा बरे आहेत ना?" मी म्हणते, "बरे आहेत." झालं बापलेकीचं बोलणं.

मी एकटी विमानाने जाऊन आले असते. दोनदा तिकिटंही बघितली. पण मी गेले असते तर हे कायमचे सुटले असते. तू बघून आलीस ना, मग झालं, असं म्हणून पुन्हा गाडी धुवायला मोकळे. मला लेक बघायची होतीच, जीव तुटत होता तिच्यासाठी. पण तिच्या दारात मला यांनाही उभं करायचं होतं. त्याशिवाय ती परत येणार नव्हती, हे मला आईपणाने कळत होतं. म्हणून 'गाडीने' हा शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. ज्या गाडीने तिला स्टेशनवरसुद्धा सोडलं नाही, ती गाडी त्यांना तिच्या दारापर्यंत न्यायची होती. तसं ते बोलले मात्र नाहीत. प्रति लिटर किती किलोमीटर, हे बोलले.

वेळेचीच मारामार होती. मनीषांचं गिऱ्हाईक अमेरिकेतलं, ते नाताळात दुकान बंद करतं, तेवढीच यांना मोकळीक. बुधवार चोवीस डिसेंबर ते रविवार चार जानेवारी, बारा दिवस. पाच जायला, पाच यायला, उरले दोन. ते दोन दिवस अपूर्वाचे. मी ते दोन दिवस मनात शंभर वेळा जगून घेतले. सकाळी तिच्या हातचा चहा, दुपारी तिच्या केसांना तेल, संध्याकाळी ती काम करते ती जागा बघायची. वाशीमहून माझ्या बहिणीने पाठवलेल्या मूगवड्या मी डब्यात घट्ट बंद करून ठेवल्या आणि त्यांना घरात कुणाला हात लावू दिला नाही.

मग घरच्यांना प्लॅन दाखवला, आणि तिथे चुकलं.

"समृद्धीवरून जाणार म्हणजे मेहकर लागणार," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे एकनाथ, वय एकोणऐंशी. "सुनीतीच्या दारावरून जायचं आणि चहाही घ्यायचा नाही?" सुनीतीआत्या त्यांची धाकटी बहीण. आम्ही मूळचे तिकडचे. आमच्याकडच्या चहाचा अर्थ जेवण, वामकुक्षी, ओटी, आणि शेजारच्या चुलतभावाकडे पुन्हा चहा असा होतो. अर्धा दिवस गेला. मग अण्णांना आठवलं की वाटेत काशी आहे. पाच तास गेले. साहिल म्हणाला, सिलिगुडीपर्यंत जाऊन दार्जिलिंग न बघणं हा वेडेपणा आहे. आणखी गेले.

मनीष ऑफिसात तीस माणसं सांभाळतात. त्यांची सांभाळायची पद्धत अशी, की जो मागेल त्याला एक ओळ द्यायची आणि नवीन आवृत्ती काढायची. ऑक्टोबर संपेपर्यंत प्लॅनची नववी आवृत्ती निघाली. मी चष्मा लावून शेवटून वाचायला लागले. 'अपूर्वाकडे मुक्काम' या ओळीपुढे लिहिलं होतं, सतरा तास.

"सतरा?" मी म्हणाले.

"रात्र धरून."

"म्हणजे सात तास झोपेचे. राहिले दहा. एकतीसशे किलोमीटर जाऊन मी माझ्या मुलीला दहा तास बघायचं, आणि आत्यांकडे अर्धा दिवस पुरणपोळ्या खायच्या?"

"सगळ्यांचं बघावं लागतं, शुभांगी."

"सगळ्यांचं बघता बघता तिचंच तेवढं राहिलं," मी म्हणाले, आणि आणखीही बरंच काही म्हणाले. तेलसुद्धा नीट मुरणार नाही केसांत, असंही म्हणाले. मनीषांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. त्यानंतर त्या प्लॅनविषयी घरात कुणी बोललं नाही. मला वाटलं, गेला हाही हंपीच्या वाटेने.

पण डिसेंबरात त्यांनी गाडीचं सर्व्हिसिंग करून आणलं. टायर बदलले. आणि अण्णांनी पंचांग काढलं.

"बुधवारी उत्तरेला दिशाशूल," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी तिकडे निघता येत नाही. पस्ताना ठेवावा लागेल."

ही आमच्याकडची जुनी रीत. ज्या दिवशी निघायचं तो दिवस चांगला नसेल, तर आधी चांगल्या दिवशी आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे प्रवास सुरू झाला. मग आपण वाईट दिवशी निघालो तरी चालतं, जाताना ती गाठोडी उचलून पुढे जायचं. एकदा ठेवलेला पस्ताना परत घरात आणायचा नाही. आणला तर ते जाणं मोडलं.

"आमच्या ऑफिसात याला सॉफ्ट लाँच म्हणतात," मनीष म्हणाले. पण अडवलं नाही.

रविवारी एकवीस तारखेला आम्ही पस्ताना ठेवला. गाठोडी कसली, माझी छोटी मरून बॅगच. त्यात माझ्या दोन साड्या, शाल, जादा चष्मा, मूगवड्यांचा डबा. अण्णांनी फडक्यात सुपारी-हळकुंड बांधून वर ठेवलं. मनीषांनी आपल्या पद्धतीप्रमाणे बॅगेला लेबल लावलं: नाव, फोन, कुठून, कुठे, खाली अपूर्वाचा पूर्ण पत्ता. साहिल पहिलीत सहलीला गेला तेव्हाही त्याच्या दप्तराला असंच लेबल होतं. प्लॅनचा एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवला. तेही नेहमीचंच. मी बघितला नाही. सतरा तास मला पुन्हा वाचायचे नव्हते.

बॅग ठेवली कोंडाबाईकडे. कोंडाबाई आमच्याकडे धुणीभांडी करते. तिची वाडी पिरंगुटच्या अंगाला टेकाडावर, आमच्यापासून उगवतीला, आणि आम्हाला जायचंही तिकडूनच. तिने बॅग भिंतीतल्या खुंटीला टांगली आणि म्हणाली, "निवांत ऱ्हावा ताई. हिला हितं कोन हात लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनीष घरी आले ते बूट न काढता दारातच उभे राहिले. गिऱ्हाइकाची नवी सिस्टीम एक जानेवारीला चालू होणार होती. सगळ्यांच्या रजा रद्द.

मग अण्णा म्हणाले, "पण पस्ताना ठेवलाय."

"अण्णा, पस्ताना क्लायंटला कळत नाही," मनीष म्हणाले आणि आत गेले.

त्याच संध्याकाळी मी अपूर्वाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं आई, मला माहीतच होतं." तिच्या त्या 'माहीतच होतं'ने मला रात्रीचं जेवण गेलं नाही. चिडचिड कुणावर करायची तेही कळेना. मग भांड्यांवर केली.

अण्णांना वेगळीच काळजी. पस्ताना सात दिवस चालतो, त्यात निघालं नाही तर शिळा होतो. परत आणावा तर जाणं मोडतं. हे ते कोंडाबाईसमोर चारदा बोलले. कोंडाबाईने भांडी घासता घासता ऐकलं आणि म्हणाली, "मागं आनायची न्हाई ना? मग फुडं सरकवू की."

"पुढे कुठे?"

"माजी शीतल हाय की लवळ्याला. हॉस्टेलच्या कँटीनात हाय, तितंच खोली दिलीया. तुमच्या वाटंवरच हाय ते."

अण्णांनी विचार केला. शास्त्रात असं कुठे नव्हतं, पण शास्त्राविरुद्धही नव्हतं. सातव्या दिवशी बॅग लवळ्याला गेली. मनीष ऐकून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मीही काही बोलले नाही.

मग सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी बघितली, तीही हुकली. मनीषांच्या हाताखालच्या मुलीचं बाळंतपण आधीच आलं आणि तिचं काम यांच्यावर पडलं. दर वेळी हे म्हणायचे, "रजेचं बघतो." मला त्या वाक्याची शिसारी यायला लागली. बाहेर गाडी नव्या टायरांवर उभी होती, आणि रोज हिंजवडीला जाऊन येत होती.

फेब्रुवारीच्या मध्यावर अण्णा माझ्या चष्म्यावर बसले. जादा चष्मा बॅगेत. मी कोंडाबाईला म्हणाले, मोडलं जाणं तर मोडलं, मला काही दिसत नाही, ती बॅग घेऊन ये.

कोंडाबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ती गेली की."

"कुठे गेली?"

"फुडं."

"पुढे म्हणजे कुठे, कोंडाबाई?"

हळूहळू बाहेर आलं ते असं. शीतलच्या कँटीनात एक आसामची मुलगी जेवायला यायची. भावाच्या लग्नाला गावी निघाली होती. शीतलने तिला बॅगेवरचा पत्ता दाखवला. मुलगी म्हणाली, हे तर आमच्या गावाच्या अलीकडचं. शीतलला माहीत होतं की बॅग पुढे सरकवायची असते. आईने तिला तेवढंच सांगितलं होतं. तिने बॅग मुलीच्या हातात दिली.

"अगं, आसामला पाठवलीत माझी बॅग? मला न विचारता?" माझा आवाज अंगणात ऐकू गेला असणार. "माझ्या साड्या होत्या, चष्मा होता. कोण कुठली मुलगी, नाव तरी माहीत आहे का तिचं?"

कोंडाबाई काही घाबरणाऱ्यातली नाही. तिने हात पदराला पुसले. "दोन म्हैनं वाट बगितली त्या बॅगनं," ती म्हणाली. "तुमचं आज जातो, उद्या जातो. तुमी जाईना, मग बॅग तरी जाऊ द्या की."

मी आत गेले आणि बाथरूमचं दार लावून रडले. बॅगेसाठी नव्हे. बॅग पोचेल आणि मी इथेच राहीन, हे मला सहन होईना. मला त्या बॅगेचा हेवा वाटत होता, खरं सांगते.

मनीषांना मी काही सांगितलं नाही. अपूर्वालाही नाही. सांगायचं तरी काय.

रविवार आला. दहाला तिचा फोन येतो, त्या दिवशी सव्वानऊलाच आला. मनीष पेपर वाचत होते. त्यांना कढीपत्त्याकडे जायला सवड मिळाली नाही.

"आई," अपूर्वा म्हणाली.

"काय झालं गं? बरी आहेस ना?"

"तुझी बॅग आलीये."

मी फोन स्पीकरवर टाकला. का टाकला माहीत नाही.

"काल मी कामावरून आले," ती सांगायला लागली. "तर पायरीवर तुझी मरून बॅग. बाजूला कुणी नाही. आई, मला वाटलं तुम्ही आलात. मला वाटलं न सांगता आलात, बॅग ठेवून इथेच कुठेतरी गेलात. मी पळत रस्त्यावर गेले. गाडी कुठे लावली ते शोधत सगळं गाव फिरले. तळ्यापर्यंत जाऊन आले. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, एक मुलगी ठेवून गेली." तिने नाक ओढलं. "चूक माझीच. मी अशी कशी पळाले."

मनीषांच्या हातातला पेपर खाली आला होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मूगवड्या चांगल्या राहिल्यात," अपूर्वा म्हणाली. "आणि तुझी शाल मी घेतलीये अंगावर. धुणार नाही. घराचा वास येतोय तिला." आणि पुढे म्हणाली, "आई, आत प्लॅन आहे बाबांचा. अकरावी आवृत्ती."

"अकरावी? मी नववी बघितली होती."

"यात आत्याआजी खोडलीय. पेन्सिलने. काशी खोडलीय. दार्जिलिंगवर तर दोनदा काट मारलीय. माझ्यापुढे आधी सतरा तास आहे, मग एक दिवस, मग दोन दिवस पाच तास. हे पाच तास कुठून आणले?"

"रात्री गाडी चालवून," मनीष म्हणाले. पेपरकडे बघत, स्वतःशीच म्हटल्यासारखं. पण तिला ऐकू गेलं. अडीच वर्षांनी ती बापाचा आवाज ऐकत होती.

मग ती म्हणाली, अगदी जपून, "आई, खाली बसायची व्यवस्था लिहिलीय. इकडे येताना चार नावं आहेत. परतीच्या रकान्यात पाच लिहिलीत. पाचवं नाव नाही, नुसतं 'पुढची सीट' लिहिलंय. बाबांना विचार ना, पुढच्या सीटवर कोण?"

परतीला पाच. मला हे माहीत नव्हतं. माझ्यासमोर कागदाची घडी करून खिशात घालणाऱ्या या माणसाने कधीतरी एकट्याने बसून ते लिहिलं होतं, आणि बॅगेत घालून माझ्यापासूनही लपवलं होतं. न्यायला येणार नाही म्हणणारा माणूस तिची जागा धरून बसला होता.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तू," ते म्हणाले. "तुला मागे बसलं की मळमळतं ना."

अपूर्वा रडायला लागली. लहानपणी गाडी लागल्यावर रडायची तशीच, मोठ्याने. मनीष तिला गप्प हो म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "बॅग परत पाठवू का? आईला चष्मा लागत असेल."

"नको," मनीष म्हणाले. "पस्ताना परत आणत नसतात."

फोन ठेवल्यावर ते लॅपटॉप घेऊन बसले. मला वाटलं, आता बारावी आवृत्ती. पण त्यांनी ऑफिसला रजेचं पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, बुधवारपासून. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मंजूर होईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी माझ्यासमोर 'पाठवा'चं बटण दाबलं. मी अण्णांकडे बघितलं. बुधवार, उत्तर, दिशाशूल.

"पोचलाय की पस्ताना," अण्णा म्हणाले. "आता कसला दिशाशूल. आणि सुनीतीला मी फोन करून सांगतो, फाट्यावर येऊन भेट म्हणून."

मी अंगणात गेले तेव्हा मनीष गाडीची पुढची सीट मोकळी करत होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती सीट माझी, त्यामुळे तिथे माझाच पसारा होता: छत्री, स्कार्फ, खोकल्याच्या गोळ्या, मोडलेली गॉगलची काडी. ते एकेक वस्तू काढून मागे ठेवत होते. सीटचा कोपरा ओल्या फडक्याने पुसत होते.

"आणि परतीला मी कुठे बसायचं?" मी विचारलं.

"मागे. अण्णा आणि साहिलच्या मधे."

तीन हजार किलोमीटर मधल्या सीटवर, दोन बाजूला दोन घोरणारे. मी एका पायावर तयार होते. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, आणि काचेची आतली बाजू पुसायला लागले.